माल दुबईला जाण्याआधी नाव कुणाच्या नावावर आहे ते पाहा

ताई, तुमचा प्रश्न सविस्तर होता, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुमच्या आजेसासूबाईंच्या लाडक्या नावाला गावाचं नाव जोडून तुमच्या घरचं आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), कोकम सरबत, आंबापोळी आणि मालवणी मसाला सिंधुदुर्गात वर्षानुवर्षं विकला जातोय. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आणि यजमानांनी त्याच नावाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. आता दुबईतल्या एका मराठी दुकानदारांना गणपतीआधी आगळाच्या आणि सरबताच्या पाचशे बाटल्या हव्यात. ते म्हणतात, "इथली एजन्सी फक्त मला द्या, आणि नावाची नोंदणी मीच करतो, खर्चही माझा." पुढे नणंदेकडे न्यू जर्सीला आणि भाच्याकडे लंडनला माल पाठवायचा विचार आहे. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहिलंय की थोरले दीर कणकवलीत याच नावाने दुकान चालवतात. विचारलंय इतकंच, की नाव सगळ्या देशांत सुरक्षित करायला काय करू?

तुम्ही प्रश्नात नाव लिहिलं होतं. मी ते इथे लिहीत नाही. अर्ज दाखल होईपर्यंत तुम्हीही ते अशा ठिकाणी लिहू नका, निदान "परदेशी पाठवतोय" या वाक्याच्या शेजारी तरी नको.

आधी दुबईच्या दुकानदारांना काय सांगायचं ते. नोंदणी त्यांच्या नावावर होऊ देऊ नका. खर्च त्यांनी केला तरी नको, "तात्पुरती" म्हणाले तरी नको. त्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही. तिथे खाद्यपदार्थ आयात करताना त्याची आणि लेबलची नोंद महापालिकेकडे आयातदारालाच करावी लागते. पुष्कळदा दुकानदार "नोंदणी मी करतो" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तीच असते. ती खुशाल करू द्या. पण ट्रेडमार्कची, म्हणजे मालाच्या नावाच्या मालकीची, नोंदणी ही निराळी गोष्ट, आणि तिथे मालक म्हणून ज्याचं नाव लागतं तोच त्या देशात मालक. फोनवर स्पष्ट विचारा, "कोणती नोंदणी? महापालिकेची की ट्रेडमार्कची?" उत्तरावरून पुष्कळ कळेल.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. उद्यमचं प्रमाणपत्र, जीएसटी, अन्नसुरक्षेचा परवाना, निर्यातीचा कोड, कंपनी नोंदणीचा दाखला, नावाचं संकेतस्थळ. तुम्ही लिहिलंय, "कागद सगळे झालेत." ताई, यातला एकही कागद नावाची मालकी देत नाही. कंपनी निबंधकांनी नाव मंजूर केलं याचा अर्थ त्या नावाची दुसरी कंपनी ते सहसा काढू देणार नाहीत, एवढाच. उद्या चिपळूणच्या कुणी त्याच नावाने सरबत बाटलीत भरलं तर त्या दाखल्याने ते थांबत नाही. ते थांबतं ट्रेडमार्कने. 1999चा ट्रेडमार्क कायदा 15 सप्टेंबर 2003पासून लागू आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं तर ती पिढ्यान्‌पिढ्या चालते.

आणि ही नोंदणी भारतापुरतीच. कोकणातल्या माणसाला मी हे सातबाऱ्यावरून सांगतो. तुमच्या आंब्याच्या कलमांचा सातबारा तुमच्या गावच्या तलाठ्याकडे असतो. तो उतारा घेऊन तुम्ही गोव्यात पेडण्याला जमिनीवर हक्क सांगायला गेलात तर कुणी उभं करणार नाही. ट्रेडमार्कचं तसंच आहे, प्रत्येक देशाचं दप्तर वेगळं. सावंतवाडीपासून मुंबईपर्यंत सगळे तुम्हाला ओळखतात, याला दुबईच्या दप्तरात किंमत नाही.

हे लहान माणसालाच भोगावं लागतं असंही नाही. टोयोटाने 'प्रियस' गाडी जपानमध्ये 1997 साली आणली. भारतात त्याच नावाने गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी 2002 साली नोंदणी घेतली. टोयोटा नंतर कोर्टात गेली. 14 डिसेंबर 2017ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जगात नाव असून भागत नाही, त्या वेळी भारतातल्या ग्राहकाच्या मनात ते होतं हे दाखवावं लागतं, आणि ते पुरेसं दाखवलेलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला दुसऱ्याचा 'प्रियस' नावाचा वापर इथे थांबवता आला नाही, तर आपण "दुबईत मालवणी माणसं खूप आहेत, ती आपल्याला ओळखतात" एवढ्यावर विसंबायचं का?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी राजापूरकडचे एक काजूवाले आले होते. चार वर्षं त्यांचा माल आखातातल्या एकाच व्यापाऱ्याकडे जात होता. पैशावरून बिनसलं आणि त्यांनी दुसरा आयातदार धरला. पहिली खेप उतरल्यावर त्या नव्या माणसाला वकिलाची नोटीस आली की हे नाव आमच्या अशिलाचं आहे, माल विकू नका. यांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. पडद्यावर तिथल्या नोंदणीच्या दाखल्याचा फोटो होता. वर त्यांचंच नाव, त्यांचंच लेबल, आणि लेबलच्या कोपऱ्यात काजूचं बोंड. ते बोंड त्यांच्या मुलीने दहावीच्या सुट्टीत काढलेलं. खाली मालकाच्या रकान्यात जुन्या व्यापाऱ्याचं नाव. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

कायद्यात याला उपाय आहे. ट्रेडमार्कसारख्या हक्कांबद्दल देशादेशांत झालेल्या पॅरिस करारात स्पष्ट तरतूद आहे की एजंटाने मालकाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर नोंदणी केली तर मालकाला ती रद्द करून घेता येते, काही देशांत स्वतःच्या नावावर करून घेता येते. पण त्यासाठी तिथला वकील, भाषांतरित आणि साक्षांकित कागद आणि वर्षं लागतात. या गृहस्थांनी खर्चाचा अंदाज ऐकला आणि त्या देशात दुसऱ्या नावाने माल विकायचं ठरवलं. चार वर्षं त्यांनी जमवलेली गिऱ्हाईकं जुन्या नावाबरोबर तिकडेच राहिली. मला ते आजही लागतं, कारण पहिल्या खेपेआधी एक अर्ज केला असता तर हे टळलं असतं.

तरीही तुमच्या बाबतीत मला दुबईपेक्षा कणकवलीची काळजी जास्त आहे.

भारतात नोंदणीपेक्षा आधीपासूनचा वापर मोठा मानतात. तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध 'इरुट्टुकडै हलव्या'च्या नावावरून असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दोन्ही बाजूंकडे नोंदणी होती. 2015 साली निकाल लागला की जो नाव आधीपासून वापरत आला त्याचा हक्क नोंदणीवाल्यापेक्षाही वरचा. म्हणजे तुम्ही अर्ज केलात, तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला, की दिरांना विरोध नोंदवायला चार महिने मिळतात. त्यांनी सासऱ्यांच्या काळातली बिलं पुढे केली तर तुमचा अर्ज अडकेल, कदाचित फेटाळलाही जाईल.

तुम्ही लिहिलंय की दिरांशी संबंध चांगले आहेत. मग आत्ताच बोला. मी हा विषय काढला की घरोघरी एकच उत्तर ऐकतो, "नाव आमचाच आसा, तेका कागद कित्याक होयो?" भावाभावांत गोडी असते तेव्हा कागद पाचशे शब्दांत होतो. गोडी गेल्यावर पाचशे पानांतही होत नाही. कोकणात किती घरांच्या सामायिक जमिनी वाटणीवाचून पडून आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. नावाचीही वाटणी लागते आणि ते तर रोज वापरात आहे.

कागदात काय हवं? तीन वाटा आहेत. दोघांनी मिळून संयुक्त मालक व्हायचं, ही पहिली. कायदा तशी परवानगी देतो, पण मला ती आवडत नाही. पुढे मुलांच्या पिढीत प्रत्येक सहीसाठी दोन घरं शोधावी लागतात, आणि परदेशी अर्जातही दोघांची नावं, दोघांचे कागद. दुसरी म्हणजे तुम्ही नवं नाव घ्यायचं. त्याने आजींच्या नावाची पुण्याई जाते. तिसरी मला पटते. बाटलीबंद आणि पाकीटबंद मालासाठी व निर्यातीसाठी नाव तुमच्या कंपनीचं, कणकवलीचं दुकान त्याच नावाने चालवण्याचा हक्क दिरांचा आणि त्यांच्या वारसांचा, कायमचा आणि बिनशुल्क. दोघांनी एकमेकांच्या अर्जाला विरोध करायचा नाही. दिरांनी उद्या स्वतःचा पाकीटबंद माल काढला तर काय, हेही आत्ताच लिहा. सगळ्यात जास्त भांडण तिथेच होतं. स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर, सासूबाई असतील तर साक्षीदार म्हणून त्यांची सही. "गणपतीत सगळे घरी येतील तेव्हा बोलू" म्हणून टाळू नका, कारण माल गणपतीआधी जाणार आहे.

आता नावाकडे येऊ. त्यातला अर्धा भाग गावाचं नाव आहे. गावाच्या नावावर एकट्याचा हक्क मिळत नाही. त्या गावचा दुसरा माणूसही आपल्या मालावर ते लिहू शकतो आणि लिहिलंच पाहिजे. तुमची ताकद आजींच्या नावात आहे. म्हणून एक अर्ज पूर्ण नावाचा करा, आणि झेपलं तर एक फक्त आजींच्या नावाचा. लेबलवर आजींचं नाव मोठं, गावाचं लहान. हे चित्रकाराला आजच सांगा. त्याच्याकडून लेबलचे हक्क कंपनीला दिल्याचं पत्रही घ्या. पैसे देऊन काम करून घेतलं म्हणजे लेबलचा कॉपीराइट दर वेळी आपोआप आपला होतो, असं नाही.

'सिंधुदुर्ग कोकम', 'हापूस' असले शब्द नावात घालायचा मोह होतो. ते टाळा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, कोकणच्या हापूसला 2018 साली. हे शब्द त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून मानांकनाचं चिन्ह लेबलवर लावू शकता. ते अवश्य करा, परदेशी गिऱ्हाईक ते पाहतं. पण भारतातलं मानांकनही परदेशात आपोआप लागू होत नाही. तेव्हा ते तुमच्या ट्रेडमार्कची जागा घेऊ शकत नाही.

भारतातला अर्ज टीएम-ए या नमुन्यावर ऑनलाइन होतो. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे, अँटॉप हिलला. पण तिथे जायची गरज पडत नाही. सरकारी फी एका वर्गाला 9000 रुपये. अर्जदार व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर 4500. तुमचं उद्यम प्रमाणपत्र इथे उपयोगी पडेल, ते अर्जाला जोडा.

वर्ग म्हणजे मालाचे गट. आंबापोळी, आमसुलं, पल्प, भाजलेले काजू 29मध्ये येतात. मसाला 30मध्ये, ताजी फळं 31मध्ये, सरबत 32मध्ये. आगळाचं मात्र नीट ठरवावं लागतं. आपल्याला आगळ म्हणजे काय ते ठाऊक आहे, परदेशी अर्ज आधी जिथे तपासले जातात त्या जिनिव्हातल्या परीक्षकाला नाही. सोलकढीसाठी वापरता म्हणून पेयाचा अर्क म्हणायचं, की आमटीत घालता म्हणून स्वयंपाकातला पदार्थ? मी दोन्हीकडे लिहितो, आणि शब्दाऐवजी वर्णन देतो, जसं की कोकमाच्या फळाचा मीठ घातलेला रस, पेयासाठी आणि स्वयंपाकासाठी. यादी करताना पुढच्या पाच वर्षांत काय काय काढायचंय ते घरात बसून ठरवा. अर्ज दाखल झाल्यावर यादीत भर घालता येत नाही. आणि परदेशी अर्ज याच यादीच्या आत राहावा लागतो. इथे काजू लिहिला नाही तर तिथेही लिहिता येणार नाही.

इथेच पुष्कळांची दुसरी चूक होते. आपण प्रेमाने देवनागरीत नाव लिहितो आणि तेच नोंदवतो. पण भारतातल्या अर्जाच्या आधारावर परदेशी अर्ज करायचा असेल तर दोन्हींमधलं चिन्ह हुबेहूब एकच असावं लागतं. मूळ अर्ज देवनागरी लेबलचा असेल तर दुबईलाही देवनागरी लेबलच जातं. म्हणून परदेशी बाटलीवर नाव ज्या लिपीत आणि ज्या स्पेलिंगने असेल, त्याच रूपात साध्या अक्षरांत एक अर्ज इथे आधी करा. देवनागरीचा वेगळा करा. स्पेलिंग एकदा ठरलं की कंपनीच्या दाखल्यापासून पावतीपुस्तकापर्यंत तेच ठेवा. तुमच्या पत्रातच मला ते दोन तऱ्हांनी दिसलं.

नाव केव्हापासून वापरता तेही अर्जात लिहावं लागतं, आणि जुनी तारीख लिहिली तर प्रतिज्ञापत्र व पुरावा जोडावा लागतो. तुम्ही "साठ वर्षं" म्हणता. आजी टोपलीत आगळाच्या बाटल्या घेऊन आठवडी बाजारात बसत हे खरं असेल, पण बाटलीवर नाव नव्हतं. नावासह विक्रीचा सगळ्यात जुना कागद ज्या दिवसाचा, ती तारीख लिहा. फुगवलेली तारीख एकदा खोटी ठरली की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

अर्जानंतर कार्यालयाची हरकत आली तर उत्तराला तीस दिवस मिळतात. हरकत ईमेलवर येते. तो ईमेल तुमचा असू द्या, किंवा वकिलाबरोबर तुमचाही. उत्तर न गेल्याने 'सोडून दिला' असे धरले गेलेले अर्ज मी फार पाहिलेत, आणि त्यातले बरेच चांगल्या नावांचे होते.

आता परदेश. 'आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क' म्हणून एकच कागद जगभर चालतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. असा कागद नाही. आहे ती माद्रिद पद्धत. भारत तिच्यात 8 जुलै 2013 रोजी आला. तुम्ही भारतातल्या अर्जाच्या आधारावर इथल्याच कार्यालयामार्फत एक अर्ज करता, जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, आम्ही तिला वायपो म्हणतो, तो तपासून तुम्ही निवडलेल्या देशांकडे पाठवते, आणि प्रत्येक देश आपापल्या कायद्याने हो किंवा नाही म्हणतो. उत्तराला काही देशांना बारा महिने, काहींना अठरा. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर यात आहेत, युरोपीय संघ एक म्हणून आहे, संयुक्त अरब अमिराती 2021च्या डिसेंबरअखेरीस आली. आखातातले सगळेच देश यात नाहीत, म्हणून अर्जाच्या दिवशी वायपोची यादी पाहावी. आणि लंडनसाठी युरोपचा अर्ज पुरत नाही, 2021पासून ब्रिटनचा वेगळा.

खर्च असा. इथल्या कार्यालयाची हाताळणी फी 5000 रुपये. वायपोची मूळ फी काळ्या-पांढऱ्या चिन्हाला 653 स्विस फ्रँक, रंगीत असेल तर 903. त्यावर प्रत्येक देशाची वेगळी. अमिरातीची फी महागड्यांत मोडते, आधीच सांगून ठेवतो. वायपोच्या संकेतस्थळावर फी मोजायची सोय आहे, देश आणि वर्ग टाकले की आकडा येतो. अर्ज करायच्या आदल्या दिवशी बघा. रंगीत लेबल नोंदवायचा हट्ट नको. साधी अक्षरं नोंदवली तर उद्या लेबलचा रंग बदलला तरी संरक्षण राहतं.

माद्रिदमध्ये एक धोका आहे आणि तुमच्या घरासाठी तो फार महत्त्वाचा आहे. पहिली पाच वर्षं परदेशी नोंदणी भारतातल्या मूळ अर्जाला बांधलेली असते. इथला अर्ज विरोधामुळे पडला, तर तिथल्या सगळ्या देशांतलं संरक्षण पडतं. तीन महिन्यांत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्जात रूपांतर करायची सोय आहे, पण म्हणजे सगळा खर्च पुन्हा. कणकवलीत घेतलेली एक हरकत दुबई, लंडन आणि न्यू जर्सीतलं नाव एकदम पाडू शकते, ती अशी.

म्हणून माझा सल्ला दोन भागांत. दिरांची सही झाली असेल तर भारतात अर्ज करा आणि लगेच माद्रिदमधून अमिराती व ब्रिटन घ्या. सही झाली नसेल, तर भारतात अर्ज करून अमिरातीत तिथल्या एजंटामार्फत थेट अर्ज करा. थेट अर्ज स्वतःच्या पायावर उभा राहतो, इथल्या वादाने तो पडत नाही. त्याला मुखत्यारपत्र लागेल. ते नोटरी, परराष्ट्र खातं आणि अमिरातीची वकिलात अशा पायऱ्यांनी साक्षांकित होतं, त्याला वेळ धरा.

भारतात अर्ज केल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला, तर तिथेही भारतातलीच तारीख धरली जाते. मधल्या काळात कुणी घुसलं तरी तुम्ही पुढे. म्हणून इथला अर्ज आज करा, देशांचा निर्णय सहा महिन्यांत घ्या. अमेरिकेची मला एवढी घाई वाटत नाही. नणंदेला पाठवलेल्या चार बाटल्या म्हणजे तिथला व्यापार नव्हे, आणि अमेरिकेत 'इथे वापरायचा खरा इरादा आहे' असं लिहून द्यावं लागतं, पाचव्या-सहाव्या वर्षी वापराचा पुरावाही मागतात. तिथे दुकानं मिळाली की त्याच माद्रिद नोंदणीत अमेरिका नंतर जोडता येते. न वापरलेलं नाव कुठल्याच देशात फार काळ टिकत नाही. भारतातही पाच वर्षं तीन महिने वापर नसेल तर ते काढून टाकायचा अर्ज कुणीही हितसंबंधी करू शकतो.

दुबईसाठी अरबी रूपही आत्ताच ठरवा. अरबी लिपीत 'प' नाही, 'च' नाही, 'ळ' तर नाहीच. आजींच्या नावात 'प' आहे, तो 'ब' होईल. दुकानदार आपल्या मनाने काहीतरी लिहितील, गिऱ्हाईक तेच वाचेल, आणि दोन वर्षांनी तेच नाव रूढ होईल. अरबी येणाऱ्या माणसाला आजींचं नाव मोठ्याने म्हणून दाखवा, त्याने लिहिलेलं दुसऱ्या अरबी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. कानाला बरं वाटलं, तिथे वाईट अर्थ होत नाही याची खात्री झाली, की तेही रूप तुमच्या कंपनीच्या नावावर नोंदवा.

लेबलवर सध्या तुम्ही गोलातला 'आर' छापलाय, फोटोत दिसला. तो काढा. नोंदणी नसताना ते चिन्ह वापरायला आपल्या कायद्यात मनाई आहे. पूर्वी त्याला तीन वर्षांपर्यंत कैदही होती, 2024पासून आर्थिक दंड लागतो. ब्रिटनमध्ये तर तो गुन्हाच. तोवर 'टीएम' छापा, त्याला हरकत नाही.

दुकानदारांबरोबरचा करार चार पानांचा पुरे, पण त्यात हे हवंच. नाव, लेबल आणि त्यांची कुठल्याही लिपीतली रूपं तुमच्या कंपनीची. ते किंवा त्यांचे नातेवाईक, भागीदार तसं किंवा त्याच्या जवळचं नाव कुठेही नोंदवणार नाहीत. दुकानाची इन्स्टाग्राम पानं त्यांची राहू देत, पण आजींच्या नावाचं पान तुमचं. तिथे विक्रीतून नावाला जी पत येईल ती तुमची. करार संपला की शिल्लक माल किती दिवसांत विकायचा तेही लिहा. एजन्सी पहिल्या वेळी एका वर्षाची, फक्त दुबईपुरती, ठरावीक खरेदीच्या अटीवर. माणूस चांगला असेल तर याला सही करायला त्यांना अडचण वाटणार नाही. अडचण वाटली, तर पाचशे बाटल्या कणकवलीच्या दुकानातच बऱ्या.

त्यांना आज पाठवायला मजकूर देतो, असाच पाठवा: "दादा, महापालिकेकडची लेबलची नोंद तुम्ही करा, त्याचे कागद आम्ही देतो. ट्रेडमार्कचा अर्ज आमची कंपनी करते आहे. अर्जाचा क्रमांक आला की करार पाठवतो, आणि करारावर सही झाली की माल निघेल."

आणि माडीवरच्या लाकडी पेटीत सासऱ्यांची वहीखाती आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती पावसाच्या आत खाली काढा. ओलीने शाई पसरली तर काही उरणार नाही. नावाचा शिक्का असलेलं प्रत्येक बिल उन्हात, दाराशी धरून, चारही कोपरे दिसतील असा फोटो घ्या. मूळ कागदाला छिद्र पाडू नका, टाचणी लावू नका. सगळ्यात जुनं बिल कोणत्या सालचं निघतं ते मला कळवा, अर्जातली तारीख त्यावर ठरेल.